रिकामा भोंगा

बी.एड. करताना पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा एक रकाना असायचा. त्यात काय लिहायचं हे ठरलेलं होतं. खडू, फळा, तक्ता, चित्रं. फारच उत्साह असला तर टेपरेकॉर्डर. गेली वीसेक वर्षं मी उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवते, अधूनमधून उर्दूचेही तास घेते, आणि तो रकाना अजून तसाच भरते. या जानेवारीत मात्र तो खरा भरला असता तर असा दिसला असता: मशिदीवरून उतरवलेले चार भोंगे, पाच जुने मोबाइल, एक वूफर, अकरा बल्ब, सात गोधड्या आणि पाडायला काढलेलं एक कौलारू घर.

त्या घराची ही गोष्ट. आणि त्या चार भोंग्यांतल्या एकाची, जो दोन दिवस गप्प राहिला.

माझं माहेर पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातलं. घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, अशा तीन भाषा एकाच तोंडात नांदवत आम्ही मोठे झालो. लग्नानंतर इकडेतिकडे भाड्याने राहून नऊ वर्षांपूर्वी गव्हाणला आलो. उलव्याच्या टॉवरांपेक्षा इथे घर स्वस्त होतं आणि खिडकीतून खाडीकडचं आभाळ दिसत होतं. आमच्या इमारतीच्या मागेच एक जुनं आगरी घर होतं. ओटी, माजघर, मागे पडवी, वर मंगलोरी कौलं आणि त्यात मधेमधे बसवलेली काचेची कौलं. मालक काका माझ्या मुलाला क्रिकेटचा चेंडू परत करता करता ओळखीचे झाले. त्यांची आई, ऐंशी ओलांडलेली, ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. मला ती पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणते.

दिवाळीत काका म्हणाले, “मॅडम, शिमग्याआधी घर पाडायचंय. बिल्डिंग होतेय. तोवर रिकामंच आहे. मुलांचं काय नाटक-बिटक करायचं असेल तर करा.”

नाटक मला येत नाही. पण एक गोष्ट सात वर्षं डोक्यात घोळत होती.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही कोचीला गेलो होतो. तिथे तेव्हा मोठं कलाप्रदर्शन चालू होतं, कोची-मुझिरिस बिएनाले. सोबतच्या मंडळींना बोटीत बसायची घाई, मला सावली हवी होती म्हणून आत शिरले. एका अंधाऱ्या दालनात शंभर लोखंडी सळ्या उभ्या केलेल्या. प्रत्येक सळीत एक कागद खुपसलेला, त्यावर कवितेच्या ओळी. प्रत्येक कागदाच्या वर एक माइक लोंबत होता. कुठल्या तरी माइकमधून एक आवाज यायचा, एक ओळ म्हणायचा, आणि मग आजूबाजूचे माइक ती ओळ उचलायचे. आवाज माझ्या मागून पुढे, डावीकडून उजवीकडे फिरत होता. अरबी, रशियन, हिंदी आणि मला न कळणाऱ्या कितीतरी भाषा. हे शंभर कवी वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या मुलखांतले. समान धागा एकच: लिहिण्याबोलण्यापायी किंवा आपल्या विचारांपायी सगळ्यांना तुरुंग पाहावा लागला होता.

ते काम मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. कामाचं नावही एका कवीवरून घेतलेलं. चौदाव्या शतकातला अझरबैजानी कवी नसिमी, ज्याला त्याच्या विचारांसाठी पुढे हलब शहरात मारण्यात आलं. ‘तुमच्या भाषेत मी मावत नाही’, असा काहीसा त्या नावाचा अर्थ. तीन भाषांच्या माझ्यासारख्या बाईला ते नाव दारातच अडवून उभं राहिलं.

पण त्याहून जास्त मला गुंतवलं ते माइकनी. ते माइक ऐकत नव्हते, बोलत होते. त्यांची जोडणी उलटी केली होती. विज्ञानाच्या सरांना परत आल्यावर विचारलं तर त्यांनी फळ्यावर दोन चित्रं काढून दाखवली. साध्या माइकमध्ये एक पडदा, एक तारेचं वेटोळं आणि एक लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो आणि तारेत वीज तयार होते. स्पीकरमध्येही तेच तीन भाग. फक्त वीज दिली की पडदा हलतो आणि आवाज तयार होतो. म्हणजे ऐकणारा आणि बोलणारा मुळात एकच. विजेची दिशा तेवढी बदलायची.

ध्वनी आणि प्रकाशाचा खेळ आपल्याला नवा नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर १९६५ पासून तो होतो आहे. त्याची सुरुवात फ्रान्सच्या शांबोर राजवाड्यात १९५२ साली झाली. अंधारात वास्तूवर दिवे पडतात, निवेदकाचा भारदस्त आवाज येतो, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट. त्यात आपण बाहेर बसतो आणि इतिहास समोर घडतो. १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात दुसरा प्रकार झाला. ज्यांनी आपलं चंदीगड आखलं त्या ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयाने फिलिप्स कंपनीसाठी तंबूसारखा एक मंडप उभारला. त्याच्या आतल्या भिंतींवर शेकडो स्पीकर होते आणि एडगार वारेझ यांचं संगीत त्या स्पीकरांवरून डोक्यावर, पाठीमागे, बाजूने फिरत असे. त्यात आपण समोर नसतो, आत असतो. मला हा दुसरा प्रकार हवा होता. आणि त्यात तलवारी नको होत्या. गाव हवं होतं.

कारण गावाचा आवाज आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत बदलला. विमानतळासाठी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. कित्येक दुपारी जमीन हलायची आणि मुलं वर्गात एकमेकांकडे बघून हसायची. मग जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल गेली. गेल्या २५ डिसेंबरपासून विमानंही उडू लागली. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः लोकलने जाते. पण माझ्या आठवीतल्या एका मुलाला ‘जातं’ शब्द आला तेव्हा तो म्हणाला, “मिस, वो जो जाता है?” त्या दिवशी ठरवलं, या वर्षीचा प्रकल्प आवाजांचा.

एकूण चौदा मुलं जमली. नऊ माझ्या शाळेतली, पाच गव्हाणची. पहिल्या दिवशी सगळी लाजत होती. दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या वायरी सोलताना दात वापरावे की ब्लेड, यावर भांडण झालं आणि मैत्री झाली.

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण कुणाला शाळेत असं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

आपल्याला आवाज कुठून आला ते कळतं, कारण कान दोन आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो, उजव्यात नंतर. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला जवळजवळ एक मिलिसेकंद. खोलीत तोच आवाज दोन स्पीकरमधून एकदम लावला तर जो स्पीकर तुमच्या जवळ आहे, तिथूनच तो आला असं वाटतं. त्यामुळे दहा स्पीकरमधून एकच रेकॉर्डिंग लावून काही होत नाही, नुसता गोंगाट होतो. प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा आवाज हवा. जात्याची घरघर चुलीजवळून, होडीचा आवाज पडवीतून, डंपरची पीं-पीं ओटीच्या बाहेरून, विमान कौलांवरून. वेगवेगळे चॅनेल म्हणतात ते हेच.

दहा चॅनेलचं यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. तेव्हा एका मुलाच्या लक्षात आलं की मोबाइलला हेडफोन लावतो तेव्हा डावा आणि उजवा आवाज वेगळा असतो. म्हणजे एक मोबाइल म्हणजे दोन चॅनेल. पाच मोबाइल, दहा चॅनेल. घराघरांतून फुटक्या काचांचे, पण हेडफोनचं भोक शाबूत असलेले पाच मोबाइल निघाले. एकाने घरचं बंद पडलेलं होम थिएटर आणलं, त्यात पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर. मागे सहा वेगळ्या पिना लावायची सोय होती. दुरुस्तीवाल्याने साडेतीनशे रुपयांत ते बोलतं केलं. राहिले चार. ते आले मशिदीतून.

माहेरच्या मोहल्ल्यातल्या मशिदीवरचे जुने भोंगे काही वर्षांपूर्वी उतरवले होते. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये भोंग्यांवरून राज्यात जे रान पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल. नियम त्याआधीपासूनचे आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. नियम सगळ्यांना सारखेच, मंडपांना, मिरवणुकांना, लग्नांना. पण त्या वर्षी ‘भोंगा’ म्हटलं की फक्त आमच्याकडे बघितलं जायचं. शिक्षकांच्या खोलीत, लोकलमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर. आमच्या कमिटीने वाद नको म्हणून भोंगे उतरवले आणि आत पेटीसारखे छोटे स्पीकर लावले. उतरवलेले भोंगे वजूखान्यामागच्या खोलीत धूळ खात पडले होते.

ट्रस्टी भाई माझ्या अब्बांचे दोस्त. त्यांनी विचारलं, “क्या करेगी इनका?” मी सगळं समजावलं. ते म्हणाले, “ले जा. पर एक बात. अजान मत बजाना उसमें. अजान तमाशे की चीज नहीं.”

मी म्हटलं, “विचार करते.”

विचार करायला कारण होतं. आमचा खेळ बारा मिनिटांचा ठरला होता. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत गावाचा आणि आसपासचा एक दिवस. एक तास म्हणजे तीस सेकंद. पहिल्या मिनिटाच्या आसपास फज्रची अजान येणार. अजान म्हणजे तीन-चार मिनिटं. तीस सेकंदांत ती कशी बसवायची? मधूनच कापायची? काकड आरतीचे दहा सेकंद घेतले तर कुणाला खटकत नाही, चाल ओळखली की काम झालं. पण अजान ही एक हाक आहे, तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. अर्धी हाक मारून थांबणं मलाच नको वाटलं. शिवाय रेकॉर्ड लावून अजान होत नाही असं आमच्याकडचे बहुतेक उलेमा मानतात. भाईंच्या म्हणण्यात दम होता.

दुसऱ्या बाजूने काकांचा मुलगा आला. चांगला मुलगा, आमच्या वायरिंगला त्यानेच मेन स्विचपासून वेगळी लाइन काढून दिली. चहा घेता घेता हळूच म्हणाला, “मॅडम, एक सांगू? बांग तेवढी नको. आम्हाला काही नाही. पण कुणीतरी व्हिडिओ काढील, खाली भलतंच लिहील. लोक कारणच शोधत असतात.”

आमच्याकडचा माणूस म्हणतो नको, त्यांच्याकडचा माणूस म्हणतो नको. दोघांची कारणं वेगळी, उत्तर एक. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मी वहीत फज्रच्या जागी लिहिलं: ‘शांतता. भोंगा क्रमांक एक, त्यावर फक्त उजेड.’ मुलांना सांगितलं की रिकामी जागाही बोलते. मुलांनी माना डोलावल्या. शिक्षिका म्हणाली की मुलं मान डोलावतात. त्याला फार किंमत देऊ नये.

मग तीन आठवडे काम. रेकॉर्डिंगसाठी मुलं पहाटे खाजणाच्या कडेला गेली, चिखलात बूट हरवून आली. एकीने आपल्या नानीकडून पाटा-वरवंट्याचा आवाज आणला, एकाने एसटीच्या दाराचा. जातं काकांच्याच घरात होतं, पण ते फिरवायला कुणाला येईना. शेवटी आजीने खुर्चीत बसून सूचना दिल्या आणि दोन मुलींनी फिरवलं. सुरुंगाचा आवाज एका मुलाच्या जुन्या व्हिडिओत सापडला. तो वूफरमध्ये टाकला. भोंग्यात खर्ज येत नाही, तो माणसाच्या आवाजासाठीच बनलेला असतो, ढमढमीसाठी मोठा पडदा लागतो.

पहिल्या चाचणीत सगळं फसलं. रिकाम्या माजघरात आवाज भिंतींवर आपटून घुमत होता, जातं कुठे आणि डंपर कुठे काही कळेना. टाळी वाजवली की तिची शेपटी मागे रेंगाळायची. मग घरोघरच्या गोधड्या आणून भिंतींवर टांगल्या. सात गोधड्यांनी आवाज गिळला. मला नलिनी मालानी यांच्या एका कामाची आठवण झाली. मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’वर त्यांनी १९९८ साली मुंबईत एक मांडणी केली होती, तिच्यात पत्र्याच्या ट्रंकांत टीव्ही ठेवले होते आणि अंथरुणंही होती. मी ते फक्त फोटोत पाहिलंय. त्या स्वतः कराचीत जन्मलेल्या, फाळणीत इकडे आलेल्या. घर सोडताना माणूस ट्रंक आणि गोधडी घेतो. आणि इथे आम्ही जाणाऱ्या घराला गोधड्या पांघरत होतो.

दिव्यांचीही गंमत झाली. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी बल्ब लावले तर ते मंद होण्याऐवजी लुकलुकायला लागले. साधा एलईडी रेग्युलेटरवर नीट मंदावत नाही, हे आम्हाला चार बल्ब वाया गेल्यावर कळलं. मग बाजारात शोधून जुने तारवाले बल्ब आणले. ते मात्र सांजेसारखे हळूहळू तांबूस होत विझतात. पहाटेसाठी सगळ्यात सोपा उपाय निघाला: काचेची कौलं काळ्या कापडाने झाकली, एक सोडलं, आणि बाहेर शिडीवर एक मुलगा बॅटरी घेऊन उभा केला. तो बॅटरी हळूहळू कौलाजवळ आणायचा आणि आत उजाडायचं.

पाच मोबाइलवर एकाच क्षणी बटण दाबायचं, हा शेवटचा प्रश्न. “एक, दो, तीन” म्हणूनही अर्धा सेकंद मागेपुढे व्हायचं. तेव्हा रचनाच अशी केली की अर्ध्या सेकंदाने काही बिघडू नये. दोन आवाज नेमके एकत्र यावेत असं काही ठेवलंच नाही. गावातही कोंबडा आणि एसटी ठरवून एकत्र ओरडत नाहीत. आवाजाची पातळी मोबाइलवरच्या मीटरने बघितली, साध्या बोलण्याइतकी ठेवली. भोंगे असून बाहेर रस्त्यावर काही ऐकू जात नव्हतं. भोंगा इतका हळू बोलला तर कुठेतरी लांबून कुणी बोलल्यासारखा वाटतो, हेही तेव्हाच कळलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, पहिला खेळ झाला. एका वेळी पंधरा माणसं, माजघरात सतरंजीवर. पालक आले, शेजारी आले, माझ्या शाळेतल्या दोन सहकारी आल्या. अंधार. खाडीकडून पाण्याचा आवाज. कोंबडा. मग कोपऱ्यातल्या एका भोंग्यावर मंद उजेड आणि शांतता. मग जातं, बादली, एसटी, शाळेची घंटा, देवळातली घंटा, सुरुंग, धूळ बसल्यासारखी शांतता, डंपर, लोकल, आणि शेवटी कौलांवरून विमान. विमान गेलं तेव्हा दोन माणसांनी खरोखर वर बघितलं. मुलं दारामागून ते बघत होती, त्यांचा आनंद काय सांगू.

लोक बाहेर पडताना कौतुक करत होते. कुणी म्हणालं, तो भोंग्यावरचा उजेड फार अर्थपूर्ण होता. मी मान हलवली. मला बरंही वाटलं आणि आत कुठेतरी टोचलंही.

दुसऱ्या दिवशी आजीला आत आणून बसवलं. तिच्यासाठी खुर्ची. बारा मिनिटं ती हलली नाही. जात्याच्या आवाजाला तिचा हात मांडीवर फिरला तेवढाच. संपल्यावर दिवे लागले, तिने माझा हात धरला.

“सगला आयकला गो बाय. बांग नाय आयकली.”

मी म्हटलं, “आजी, बांग नाही घेतली.”

“का?”

मुलगा दारात उभा होता. त्याने खाली बघितलं. मी काहीतरी सांगू लागले, की ती कापायला नको, की ती पवित्र असते. आजीने ऐकून घेतलं. मग सांगायला लागली. तिच्या तरुणपणी त्या दोघी-तिघी अंधारात होडीने मासळी घेऊन पनवेलला जायच्या. घड्याळ कुणाकडे होतं? खाडीतून जाताना मशिदीची बांग कानावर आली की वेळेत आहोत. बांगेआधी बंदराला लागलो तर चांगला भाव, बांगेनंतर लागलो तर दुसऱ्या बायका पुढे. “बांग आमची व्हती,” ती म्हणाली. “तुमची नमाज, आमचा बाजार. आनी तू काय म्हनते, घेतली नाय?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाईंचं कारण खरं होतं, मला ते आजही पटतं. पण मी अजान वगळली ती त्या कारणाने का? की काकांच्या मुलाच्या कारणाने? की दोघांच्याही आधी, माझ्या स्वतःच्या एका जुन्या सवयीने? ही सवय आपल्यातल्या पुष्कळांना असेल. कुणी काही म्हणायच्या आत आपणच आवाज कमी करायचा. डबा उघडताना आत काय आहे ते हळूच बघायचं, लोकलमध्ये फोनवर ‘सलाम’ म्हणताना आवाज खाली न्यायचा. मी त्या शांततेला मुलांपुढे कलेचं नाव दिलं होतं. दोन दिवस लोक तिला अर्थपूर्ण म्हणत होते, आणि एका म्हातारीने सरळ विचारलं: का?

सकाळी मोबाइल घेऊन आजीकडे गेले. म्हटलं, आजी, काल सांगितलं ते परत सांग. तिने सांगितलं, मधेच खोकली, मधेच सुनेला चहा टाकायला सांगितला. त्यातले पन्नास सेकंद निवडले. खोकला ठेवला. काकांच्या मुलाला आधी ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता आजीच बोलतेय म्हटल्यावर मी काय बोलणार?” भाईंनाही फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, “इसमें अजान कहां है? इसमें तो हमारी पड़ोसन है.” आणि म्हणाले, “शाम को आता हूं.”

रविवारी तिसऱ्या दिवशी फज्रच्या जागी, कोपऱ्यातल्या भोंग्यावर उजेड आला आणि त्या भोंग्यातून, मशिदीवरून उतरवलेल्या, वर्षानुवर्षं एकच हाक मारलेल्या त्या भोंग्यातून, एका आगरी म्हातारीचा आवाज आला. होडीचा, बाजाराचा, बांगेचा. अजान कुणालाच ऐकू आली नाही आणि सगळ्यांना आली. मला कोचीतले उलटे जोडलेले माइक आठवले. इतकी वर्षं ऐकणारी आता बोलत होती, आणि बोलणारा तिचा निरोप पोहोचवत होता.

सगळ्यांना आवडलं असं नाही. एका गृहस्थांनी जाताना विचारलं, “हे सगळं करायची काही गरज होती का?” आमच्याकडच्याही एका बाईंना मशिदीच्या भोंग्यातून बाईचा आवाज आलेला रुचला नाही. त्यांना मी चहा दिला. त्यांनी तो घेतला.

भाईंबरोबर मुअज्जिन चाचाही आले होते. पाठीत वाकलेले, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसलेले. आजीचा आवाज संपला, खेळ संपला, दिवे लागले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, ते आता काय म्हणतात म्हणून. चाचा उठून भोंग्याजवळ गेले, त्याच्या कडेला एक पोचा होता तो बोटाने चाचपला आणि म्हणाले, “ये तो अपना पुराना वाला है. उस वक्त भी फटता था. कमेटी को कितना बोला मैंने.”

माजघरभर हशा पिकला. आजी सगळ्यात मोठ्याने हसली.

घर आता पाडलं आहे. शिमग्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच जेसीबी आला. काचेचं एक कौल मी मागून घेतलं. गोधड्या धुऊन ज्याच्या त्याला परत गेल्या, भोंगे वजूखान्यामागच्या खोलीत परत गेले. मधली भिंत गेल्यामुळे आमच्या खिडकीत आता लोकलचा आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट येतो.

नवी इमारत होईपर्यंत काकांनी आमच्याच इमारतीत भाड्याने फ्लॅट घेतला आहे. पनवेलची अजान गव्हाणपर्यंत पोहोचत नाही, पहाटे मोबाइल मला उठवतो. आजी माझ्याही आधी उठलेली असते. कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं की समोरच्या दारात ती खुर्चीत बसलेली दिसते, आणि रोज तेच विचारते, “झाली का गो बाय, बांग?”

मी म्हणते, “झाली, आजी.”